इंजिनाचा पहिला फेरा

सकाळी मोटारीची किल्ली फिरवली की क्षणभर 'खर्रर्र' असा आवाज होतो आणि इंजिन सुरू होते. त्या क्षणात नेमके काय घडते, याचा विचार आपण ज्या दिवशी बॅटरी उतरलेली असते त्याच दिवशी करतो. मग शेजाऱ्यांना हाका मारायच्या, चौघांनी मागून ढकलायचे, चालवणाऱ्याने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि गाडीने एक आचका देऊन जागे व्हायचे. 'धक्कास्टार्ट' हा शब्द आपण टिंगलीने वापरतो. पण इंजिनाच्या इतिहासातील पहिली काही दशके जवळजवळ सगळीच इंजिने या ना त्या अर्थाने धक्कास्टार्ट होती. तो धक्का कोणी दिला, कशाने दिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याबद्दल आज मला थोडे बोलायचे आहे.

मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवले. परंतु या विषयाचा पहिला धडा मला वर्गात मिळाला नाही. तो मिळाला सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी, तात्यांच्या मळ्यातील विहिरीवर. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते.

त्या काळी आमच्या भागात मोट मागे पडत होती आणि विहिरीविहिरीवर ऑइल इंजिने येत होती. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली होती. तिकडे राजकोटचे कारखानदार इंग्लंडमधल्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर इंजिने बनवू लागले होते. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेइतकी उंच, जड चाके, मिनिटाला जेमतेम सहा-सातशे फेरे, असा त्या घडणीचा थाट असे. तात्यांनी असेच एक जुने इंजिन विकत घेतले होते. दिवसभर त्याचा 'टुक टुक टुक' आवाज शिवारभर ऐकू येई आणि आवाज थांबला की घरातून कोणीतरी विचारी, "काय झालं रं, पट्टा उतरला का?"

इंजिन चालू असताना त्याच्याइतके गुणी जनावर नाही. अडचण असायची ती सुरू करताना.

ही अडचण समजून घ्यायला आधी वाफेच्या इंजिनाकडे पाहू. त्याचा बंब बाहेर असतो. बंबात वाफ तयार होऊन दाबाखाली थांबलेली असते. झडप उघडली की ती दट्ट्याला ढकलते आणि चाक फिरू लागते. ज्याच्या पोटात आग आहे अशा इंजिनाचे तसे नसते. निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी केले, त्याचा क्रम असा : आधी हवा आणि इंधन आत ओढायचे, मग ते दाबायचे, मग पेटवायचे आणि शेवटी जळालेला धूर बाहेर टाकायचा. यातला एकच टप्पा कमाईचा, बाकी तीन खर्चाचे. आणि पहिले दोन खर्चाचे टप्पे पार पडल्याशिवाय कमाईचा टप्पा येतच नाही. पेरणीसाठी बियाणे आधी कुठून तरी आणावे लागते, तसेच हे. पहिला फेरा इंजिनाला बाहेरून कोणीतरी द्यावा लागतो.

डिझेल इंजिनात ही मागणी आणखी कडक असते. तिथे ठिणगीच नसते. हवा पंधरा-वीस पट दाबायची, म्हणजे ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. चाक सावकाश फिरवले तर दाबलेली हवा थंड होते, फटींतून निसटते आणि इंजिन पेटत नाही. म्हणजे ताकद हवी आणि वेगही हवा. हे दोन्ही एका माणसाच्या दंडातून कसे काढायचे?

यावर एक साधा उपाय होता. इंजिनाच्या डोक्यावर एक कळ असे. ती ओढून ठेवली की एक झडप उघडी राही, हवा दाबली जात नसे आणि चाके हलकी फिरत. तात्या धोतराचा काचा मारून, हँडल दांड्यावर चढवून फिरवू लागत. पहिले दोन फेरे कुरकुरत, मग वेग वाढे, जड चाके ती सगळी मेहनत स्वतःत साठवून घेत. पुरेसा वेग आला की तात्या ओरडत, "सोड!" आणि मी किंवा गडी कळ सोडत असू. झडप बंद होई, चाकांतला जोर दट्ट्याला दाबाच्या टोकापलीकडे नेई, एक 'ढप्प' असा आवाज येई, मग दुसरा, मग टुक टुक सुरू. त्याच क्षणी हँडल सोडवून घ्यायचे असे.

१९६६ सालच्या उन्हाळ्यात एका पहाटे कळ सोडणारा मी होतो. वय वर्षे दहा. तात्यांनी "सोड" म्हटले की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. मी कळ सोडली तेव्हा चाकांत पुरेसा वेग नव्हता एवढे मात्र आता कळते. तेलाचा फवारा दट्ट्या टोकाला पोहोचण्याच्या थोडा आधीच सुटतो. चाकांत जोर असेल तर दट्ट्या टोक ओलांडून जातो. जोर नसेल तर झालेला स्फोट त्याला आल्या वाटेने परत ढकलतो. चाके उलटी फिरली आणि त्यांच्याबरोबर हँडलही. तात्यांच्या उजव्या मनगटातून आलेला आवाज मी विसरलेलो नाही.

गावातल्या हाड बसवणाऱ्याने खपच्या बांधल्या. हाड जुळले, पण वाकडे. त्यानंतर तात्यांना उजव्या हाताने कळशी कधी उचलता आली नाही. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. "माझीच मूठ चुकली," एवढेच म्हणायचे.

पुढे शिकायला पुण्यात आलो. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मित्राच्या पुस्तकात मनगटाच्या हाडाचे चित्र पाहिले आणि थबकलो. अंगठ्याच्या बाजूला मनगटाशी जे हाडाचे टोक असते, त्याच्या मोडण्याला डॉक्टर 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे मोटारचालकाचे हाडमोड. मोटारीला हँडल मारताना उलटा झटका बसून जगभर इतक्या चालकांची मनगटे मोडली, की त्या दुखापतीला त्यांच्या धंद्याचे नाव चिकटले. तात्यांनी मोटार कधी चालवली नाही, पण दुखणे तेच होते.

मोटारीत हा झटका बसण्याचे कारण थोडे निराळे. तिथे ठिणगी केव्हा पडावी हे जुन्या काळी चालक एका छोट्या दांडीने ठरवत असे. हँडल मारण्यापूर्वी ठिणगी उशिरावर आणून ठेवायची. ते विसरले की दट्ट्या वर जात असतानाच पेट घेई आणि हँडल उलटे फिरे. म्हणून अनुभवी लोक नवख्यांना दोन गोष्टी बजावत. पहिली, हँडल खाली दाबू नका, खालून वर ओढा. दुसरी, अंगठ्याने मूठ वळू नका, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे झटका आला तरी हँडल हातातून निसटेल, हात मोडणार नाही. दोन ओळींचे हे ज्ञान. पण तात्यांपर्यंत ते आले नव्हते. इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती विहिरीवरच्या खोपटात कोनाड्यात पडून तेलकट झाली होती.

मोटारीतून हँडल गेले, त्यामागे एक दुःखद हकीकत सांगतात. बायरन कार्टर नावाचे अमेरिकी मोटार कारखानदार १९०८ साली वारले. रस्त्यात बंद पडलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोटारीला हँडल मारून देताना उलट्या झटक्याने त्यांचा जबडा फुटला आणि त्यातूनच ते दगावले, अशी ती हकीकत. तिच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचे मनावर घेतले आणि ते काम चार्ल्स केटरिंग यांच्याकडे आले, हे खरे. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवून दाखवले होते. त्यात त्यांना एक गोष्ट कळली होती. विजेची छोटी मोटर दिवसभर मोठे काम करू शकत नाही, पण काही सेकंदांपुरता तिच्यावर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकता येतो. इंजिनाला तर तेवढेच सेकंद हवे असतात! १९१२ सालची कॅडिलॅक मोटार विजेचा स्टार्टर घेऊन बाजारात आली. गरिबांच्या मोटारीला मात्र वेळ लागला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला असा स्टार्टर मिळू लागला तो १९१९ साली.

इथे गोष्ट संपली असे पुष्कळांना वाटते. पण वीज येण्याआधी आणि आल्यानंतरही लोकांनी पहिल्या फेऱ्यासाठी काय काय वापरले, हे पाहिले की थक्क व्हायला होते.

आधी आगीचेच पाहा. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने डिझेलच्याही आधी तेलाचे इंजिन बनवले. त्याच्या डोक्यावर एक पोकळ लोखंडी गोळा असे. दिव्याच्या ज्योतीने तो गोळा काही मिनिटे तापवायचा आणि मग चाक फिरवायचे. गोळ्याच्या उष्णतेने तेल पेटे आणि पुढे इंजिन स्वतःच्या धगीने गोळा तापता ठेवी. याच जातीचा जर्मनीतील लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर १९२१ साली निघाला. पुढच्या काळातील बुलडॉग सुरू करताना शेतकरी ब्लोलॅम्प पेटवून आधी गोळा तापवी, मग ट्रॅक्टरचे सुकाणू दांड्यासकट उपसून काढी आणि बाजूच्या चाकात खुपसून तेच हँडल म्हणून फिरवी.

खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी आधार घेतला दाबलेल्या हवेचा. टाकीत हवा दाबून ठेवायची आणि ती सिलिंडरमध्ये सोडून दट्ट्या ढकलायचा. मोठ्या जहाजांवर आजही हेच चालते. १९१२ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनहून बँकॉककडे निघालेले 'सेलँडिया' हे डिझेल इंजिनांवर महासागर ओलांडणारे पहिले मोठे जहाज मानले जाते. त्याची इंजिने हवेनेच सुरू होत. आजच्या जहाजांवर ही हवा वातावरणाच्या सुमारे तीस पट दाबाने साठवलेली असते, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दहा-पंधरा पट. जे इंजिन सुलटे-उलटे दोन्हीकडे फिरते, ते टाकी पुन्हा न भरता ओळीने किमान बारा वेळा सुरू करता आले पाहिजे, असा नियम आहे. हा आकडा हौसेचा नाही. बंदरात शिरताना कप्तान पुढे, थांब, मागे, थांब असे हुकूम देत असतो आणि प्रत्येक वेळी इंजिन नव्याने सुरू होत असते. ऐनवेळी हवा संपली तर जहाज धक्क्यावर आपटायचे.

विमानांची तऱ्हा आणखी वेगळी. टायगर मॉथसारख्या लहान विमानाचा पंखा एक माणूस हाताने ओढून फिरवी. आपल्या हवाई दलातील आणि फ्लाइंग क्लबांतील कितीतरी वैमानिकांचे पहिले धडे याच विमानावर झाले. पंखा ओढून लगेच मागे सरायचे, तोल पुढे जाऊ द्यायचा नाही, ही तिथली शिस्त. तिथल्या चुकीला वाकड्या मनगटावर सुटका नव्हती. इंजिने मोठी झाली तसा हा प्रकार माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. मग बेंटफील्ड हक्स या इंग्रज वैमानिकाने फोर्डच्या ट्रकवर एक लांब दांडा बसवला. ट्रक विमानासमोर आणायचा, दांडा पंख्याच्या मध्यभागी अडकवायचा आणि ट्रकच्या इंजिनाने विमानाचे इंजिन फिरवायचे. म्हणजे एका इंजिनाने दुसऱ्याला हात द्यायचा. अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीने १९३१ पासून आपल्या डिझेल ट्रॅक्टरवर हीच युक्ती कायमची बसवली. मोठ्या इंजिनाच्या कडेला एक छोटे पेट्रोल इंजिन असे. आधी ते सुरू करायचे, मग ते मोठ्याला फिरवी. आणि छोटे कशाने सुरू करायचे? अर्थात हाताने!

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन मेसरश्मिट विमानाला बाजूने एक हँडल लावत. ते इंजिनाला जोडलेले नसे, एका लहान जड चाकाला जोडलेले असे. यांत्रिक ते चाक फिरवत, त्याचा किंचाळणारा आवाज चढत जाई आणि भरपूर वेग आला की ते चाक इंजिनाला जोडून देत. मला यात तात्यांच्या इंजिनाची ती दोन चाके दिसतात. अर्ध्या मिनिटाची मेहनत साठवायची आणि एका झटक्यात खर्चायची, तत्त्व तेच.

काही विमाने तर चक्क बार उडवून सुरू होत. बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस एका नळीत उडवायचे आणि त्याच्या वायूने दट्ट्या ढकलून इंजिन फिरवायचे. कॉफमन स्टार्टर म्हणून ही पद्धत ओळखली जाई. काही स्पिटफायर आणि हॉकर टायफून विमानांत ती होती. बॅटरीचे ओझे नाही, जमिनीवरच्या मदतनिसाची गरज नाही. फक्त काडतुसे मोजकीच. 'फ्लाइट ऑफ द फिनिक्स' या १९६५ सालच्या इंग्रजी चित्रपटात वाळवंटात अडकलेल्या माणसांचे प्राण अशाच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या काडतुसांवर टांगलेले असतात. ही कल्पना आपल्यापासून दूरची नाही. भारतीय हवाई दलाने १९५७ ते २००७ अशी पन्नास वर्षे कॅनबेरा विमाने वापरली. त्यांची जेट इंजिने काडतुसाच्या वायूने एक छोटी चक्की फिरवून सुरू करत आणि धावपट्टीवर काळ्या धुराचा लोट उठे. इंग्लंडमधला फील्ड मार्शल ट्रॅक्टर तर शेतकरी काडतूस घालून, वर हातोडी मारून सुरू करत असे.

हे सगळे ऐकताना वाटेल की या संग्रहालयातल्या गोष्टी आहेत. पण रिक्षा आठवा. चालक खाली वाकून सीटजवळची लोखंडी दांडी खसकन वर ओढत असे, हा आपल्या शहरांतला कालपरवापर्यंतचा रोजचा देखावा. स्कूटर तिरकी करून मग किक मारणारे गृहस्थ प्रत्येक आळीत होते. बुलेटवाला किक मारण्याआधी छोटी कळ दाबून दट्ट्या नेमक्या जागी आणून ठेवी. ती कळ म्हणजे तात्यांच्या इंजिनावरच्या कळीचीच धाकटी बहीण. अलीकडे अनेक मोटारसायकलींना किक येतच नाही. पाय वाचले, मनगटे वाचली, हे चांगलेच झाले. जुन्याच्या प्रेमापोटी हात मोडून घ्यावेत असे मी म्हणणार नाही.

मात्र जिथे इंजिन सुरू झाले नाही तर माणसे मरतात, तिथे आजही केवळ एका बॅटरीवर भरवसा ठेवत नाहीत. जहाजावरच्या जीवरक्षक होडीचा आंतरराष्ट्रीय नियम पाहा. तिचे इंजिन हाताने सुरू करता आले पाहिजे, नाहीतर ते सुरू करायला ऊर्जेचे दोन स्वतंत्र साठे हवेत आणि शून्याखाली पंधरा अंशांतही ते दोन मिनिटांत सुरू झाले पाहिजे. ज्यांनी हा नियम केला त्यांना ठाऊक होते, की संकटात सगळ्यात आधी दगा देते ती वीज.

याचा प्रत्यय आम्हाला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आला. कृष्णेचे पाणी गावात शिरले. आमचा मळा उंचावर, म्हणून पंधरा-वीस घरे तिथे येऊन राहिली. वीज गेलेली. पुतण्याने घेतलेल्या जनरेटरची बॅटरी दुसऱ्या दिवशी उतरली. सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला घोटभर नाही अशी अवस्था. विहीर भरलेली, पण पुराचे पाणी तिच्यात गेलेले नव्हते. एवढ्या माणसांना आणि गुरांना पुरेल इतके पाणी उपसायचे कसे? खोपटात ते जुने इंजिन होते. पुतण्या अधूनमधून हौसेने त्याला तेलपाणी करायचा, पण ट्रॅक्टरचा पट्टा लावून फिरवायचा. हँडल कोणी मारलेले नव्हते, आणि ट्रॅक्टर तर खाली गावात पाण्यात उभा होता.

मी पुण्यात होतो, हे सारे मला नंतर कळले. पोरे हँडल घेऊन झटत होती तेव्हा काकू काठी टेकत खोपटात आल्या. वय ऐंशीच्या पुढे. तात्यांचा हात गेल्यावर, उभा ऊस वाळू नये म्हणून दोन वर्षे काकूंनीच हे इंजिन सुरू केले होते. कासोटा घालून त्या हँडल मारत आणि तात्या डाव्या हाताने कळ धरून बसत. घरातल्या बाईने इंजिन सुरू करणे ही त्या वेळी गावात बोलण्याची गोष्ट झाली होती. मग तिच्याबद्दल बोलणे थांबले आणि आम्ही ती विसरूनही गेलो.

काकूंनी थोरल्या नातवाचा हात धरून त्याचा अंगठा मुठीतून बाहेर काढला. म्हणाल्या, "अंगठा वळू नगंस. वर वढायचं, खाली दाबायचं न्हाई." आणि कळीशी बसलेल्या धाकट्याला म्हणाल्या, "मी सांगीपर्यंत सोडायचं न्हाई. घाई केलीस तर भावाचा हात जाईल."

तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ चालले.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मी काकूंना विचारले, अंगठ्याचे तुम्हाला कोणी सांगितले? त्या म्हणाल्या, तात्यांनी. हात मोडल्यावर तालुक्याच्या मेस्त्रीकडून तात्या ते मुद्दाम शिकून आले होते आणि बायकोच्या हाती हँडल देण्याआधी त्यांनी महिनाभर तिच्याकडून नुसती मूठ धरण्याचा सराव करून घेतला होता.

मी तंत्रनिकेतनात इंजिन हा विषय तीसहून अधिक वर्षे शिकवला. ऑटो, डिझेल, केटरिंग सगळे सांगितले. हँडल कसे धरायचे ते एकाही वर्गाला सांगितले नव्हते. म्हणून ते आज सांगितले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)